परशाद म्हणजे खाणं नव्हे

मी हॉस्पिटलात काम करते म्हटलं की गावाकडे लगेच विचारतात, "नर्स का?" नाही म्हटलं की, "मग डॉक्टर?" तेही नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा रस संपतो. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पंक्चर काढता काढता ते गिऱ्हाइकांना सांगतात, "पोरगी चंडीगडला औषधाची परीक्षा घेते." याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

नवीन औषध दुकानात येण्याआधी ते माणसांना देऊन पाहावं लागतं. त्याला आम्ही स्टडी म्हणतो. स्वखुशीने तयार झालेले पेशंट ठरलेल्या दिवशी येतात, रक्त देतात, गोळ्या नेतात, रिकामी पाकिटं परत आणतात. त्यांना तपासतात डॉक्टर. त्यांना बोलावणं, समजावणं, विचारायचं ते विचारणं आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवणं, हे क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटरचं काम. ते मी करते.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी स्वतःची पुस्तकं दिली, आईने मला चुलीपुढे बसवायचं टाळलं, चंडीगडला आल्यावर पीजीच्या मालकिणीने पहिल्या थंडीत स्वतःची रजई काढून दिली. यातलं मी काहीच विसरलेली नाही. पण उपकार मानणाऱ्या मुलीबद्दल लोकांचा एक भलताच समज असतो. ती सांगाल तिथे सही करील, सांगाल तेव्हा गप्प बसेल, असं त्यांना वाटतं. हा समज माझ्याबाबतीत मोडायची वेळ आली ती एका बीजींमुळे.

पंजाबात आईच्या, आजीच्या वयाच्या बाईला बीजी म्हणतात. या बीजी मोहालीच्या पलीकडच्या खेड्यातून यायच्या. पहिली बस धरून सेक्टर ४३ च्या स्टँडवर उतरायचं, तिथून ऑटो. आमच्या विभागाचं कुलूप उघडायच्या आधी त्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या असायच्या. डोक्यावर पांढरी चुन्नी, पायात मुलाचे मोजे. मला बघितलं की म्हणायच्या, "आ गई मेरी मराठण. अजून बारीकच? तुमच्या मुलखात तूप मिळत नाही का?"

"मिळतं की बीजी. पण तुम्हाला बंद आहे, विसरू नका. शुगर आहे तुम्हाला."

"शुगर है तो है. घी से उसका क्या झगड़ा?"

त्या हिंदी-पंजाबी मिसळून बोलायच्या. मी इथे बरंचसं मराठीत लिहिते आहे, पण काही वाक्यं त्यांच्याच तोंडची ठेवते, कारण मराठीत त्यांची धार जाते.

बीजी मधुमेहाच्या एका नव्या गोळीच्या स्टडीत होत्या. अशा स्टडीत निम्म्या लोकांना खरी गोळी मिळते, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे पेशंटलाही ठाऊक नसतं, डॉक्टरांनाही नाही, मलाही नाही. नियम एकच कडक होता. रात्रीच्या जेवणानंतर सकाळी रक्त देईपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. त्यामुळे रक्त घ्यायच्या आधी दर वेळी माझा प्रश्न ठरलेला असायचा.

"बीजी, खाली पेट?"

"बिल्कुल खाली, पुत्त."

मी 'उपाशीपोटी: हो' असं लिहायची. आणि रिपोर्ट यायचा तेव्हा साखर चढलेली असायची. थोडीथोडकी नाही, चांगलीच. गंमत अशी की तीन महिन्यांच्या सरासरीची वेगळी तपासणी असते, तिच्यात बीजींचा आकडा हळूहळू उतरत होता. डॉक्टर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून कपाळाला आठ्या घालायचे आणि पुढच्या पेशंटला बोलवायचे.

औषध कंपनीचा एक माणूस अधूनमधून आमचे कागद तपासायला येतो. त्याला मॉनिटर म्हणतात. गुडगावहून यायचा, सभ्य होता, चहा पिऊन कप स्वतः विसळायचा. त्याने बीजींची फाइल बंद केली आणि म्हणाला, "ये पेशंट गोली नहीं खा रही."

मी म्हटलं, "रिकामी पाकिटं आणतात त्या. एकही गोळी उरलेली नसते."

"पाकीट रिकामं करायला तोंडच लागतं असं नाही. बेसिनही चालतं."

आमच्या सीनियर कोऑर्डिनेटरला आम्ही दीदी म्हणायचो. हे काम मला तिनेच शिकवलं, अगदी रक्ताच्या नळीवर लेबल कसं लावायचं इथपासून. दीदीने मान डोलावली. ठरलं ते असं: पुढच्या तपासणीतही साखर चढी निघाली तर बीजींना स्टडीतून काढायचं, आणि कारण लिहायचं की पेशंट गोळ्या घेत नाही.

डॉक्टरांनी तेवढ्यात एक चांगलं केलं. बीजींना बोलावून सरळ विचारलं. मी तिथेच उभी होते.

"बीजी, गोळ्या घेताय ना? रोज?"

बीजींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डॉक्टर पुत्तर, मैं तैनूं ज़ुबान दित्ती सी." मी तुला शब्द दिला होता. "धाकटीच्या सासरी लग्नाला गेले तेव्हा गोळ्या चुन्नीच्या टोकाला बांधून नेल्या. वरातीत सगळे नाचत होते, मी पाणी शोधत होते. आणि तू मला विचारतोस?"

डॉक्टर ओशाळले. "बीजी, मी कुठे म्हणतोय. आकडे म्हणतायत."

"तो आकड़ों से ही पूछ ले. मेरे से क्या पूछता है?" आणि त्या उठून गेल्या. माझ्याशीही बोलल्या नाहीत.

स्टडीतून काढल्याने बीजींचं औषध तुटणार नव्हतं. आमच्याच ओपीडीत त्यांना नेहमीच्या गोळ्या मिळाल्या असत्या. त्यांना मिळते ती गोळी खरी आहे की नुसती खडूची, हेही कोणाला माहीत नव्हतं. तरी माझ्या जिवाला ती गोष्ट लागून राहिली. एका बाईने दिलेला शब्द आपण आपल्या अक्षरात खोटा लिहायचा, आणि तो तसाच कायम राहणार. मला ते करायचं नव्हतं. पण दुसरं कारण माझ्याकडे तरी कुठे होतं?

पुढच्या तपासणीच्या दिवशी संक्रांद होती. पंजाबी महिन्याचा पहिला दिवस, गुरुद्वाऱ्यांत गर्दी असते. बीजी आल्या त्या नरमल्या होत्या. मागच्या वेळी रागावल्याचं त्यांना वाईट वाटत असावं. पिशवीतून त्यांनी चंदेरी कागदाची पुडी काढली, उलगडली आणि म्हणाल्या, "हात कर. दोन्ही."

मी दोन्ही हात जोडून ओंजळ केली. तिच्यात त्यांनी कणकेचा शिरा ठेवला. कोमट होता अजून. तुपाने माझी बोटं चकाकली. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. प्रसाद समोर आला की आधी कपाळाला लावायचा, मग तोंडात घालायचा, एवढं मला घरून पक्कं शिकवलेलं आहे.

"गुरुघर दा परशाद है," बीजी म्हणाल्या. "रोज पहाटे जाते मी. तिथूनच बस पकडते. आज म्हटलं मराठणीलाही न्यावा. परशाद वाटणाऱ्या भाईजींना सांगितलं, एक मूठ जास्त द्या."

घास माझ्या तोंडात होता. मी चावायची थांबले.

"रोज, बीजी? इथे येता त्या दिवशीही?"

"हो तर. पहिलं त्याच्या दारात, मग तुझ्या डॉक्टरच्या दारात."

"मग तुम्ही आज काही खाल्लंय?"

"कुछ नहीं खाया. बिल्कुल खाली पेट."

"आणि हे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अंगणातल्या झाडाला झाड का म्हणतात असं विचारलं होतं. "ये तो परशाद है, झल्लिए. इसको खाना बोलते हैं?"

आत रक्त घेणारा मुलगा सुई तयार ठेवून बसला होता. मी तशाच तुपकट हातांनी दार ढकललं आणि म्हटलं, "आज यांचं रक्त घ्यायचं नाही."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आईला फोन लावला. "आई, तुझा उपास असला आणि शेजारी सत्यनारायण असला, तर शिऱ्याचा प्रसाद घेतेस का?"

"घेते की. काऊन वं?"

"मग उपास मोडत नाही?"

"प्रसादानं कुठं उपास मोडते का? प्रसादाला खाल्लं म्हणते का कोणी?" मग तिचा आवाज बदलला. "तू उपासतापास करून राहिली का तिकडं? तब्येत पाहा स्वतःची."

माझी आई आणि बीजी एकमेकींना आयुष्यात भेटणार नाहीत. पण त्या दिवशी त्या मला एकाच बाकावर बसलेल्या दिसल्या.

कणीक, तूप, साखर. घेतल्यापासून तासा-दोन तासांत रक्त दिलं तर साखर चढलेलीच दिसणार. त्यात भाईजींचा हात सैल, आणि बीजी त्यांच्या रोजच्या. गोळ्या व्यवस्थित पोटात जात होत्या, म्हणून तर तीन महिन्यांची सरासरी उतरत होती असा माझा कयास. गोळी खरी असो की खडूची, बीजी खोटं बोलल्या नव्हत्या एवढं पक्कं.

मी आनंदाने दीदीला सांगायला गेले. दीदीने सगळं ऐकलं, दार लोटलं आणि म्हणाली, "बस खाली. आता हे कोणाकोणाला सांगितलंस?"

"अजून कोणालाच नाही."

"मग सांगू नकोस. विचार कर, यार. त्या उपाशी नव्हत्या, असं लिहायचं तर आतापर्यंतच्या त्यांच्या सगळ्या तपासण्या नियमाबाहेर जातात. प्रत्येक चूक आपल्या सेंटरच्या नावावर. कंपनी नवीन स्टडी कोणाला द्यायची हे याच महिन्यात ठरवतेय. त्यापेक्षा पेशंट बाहेर गेली की विषय संपला. तिचंही काही बिघडत नाही."

"त्या गोळ्या घेत नाहीत असं लिहावं लागेल."

"तर? त्या काय वाचायला येणार आहेत?"

हे ऐकल्यावर मला राग आला, आणि दीदीवर मला कधी राग येत नसे. मी म्हटलं, "त्या वाचायला येणार नाहीत म्हणूनच मी लिहिणार नाही."

 मग दीदीने ते वाक्य काढलं, जे कधी ना कधी निघणारच होतं. "तुला इथे कोणी घेतलं? तुझं इंग्रजी कसं होतं तेव्हा? पॅनेलमध्ये मी बसले होते म्हणून झालं. तुझं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवायचं की नाही हेही विचारतील आता. थोडं तरी भान ठेव."

"दीदी, ते सगळं खरं आहे. तुम्हीच शिकवलंत मला की पेशंट जे बोलेल तेच लिहायचं. मी तेच करतेय."

"हुशारी नको करू."

"हुशारी नाही. तुमचं शिकवलेलंच वापरतेय."

डॉक्टरांच्या खोलीत मी नोट टाइप करूनच नेली. तिच्यात लिहिलं होतं की पेशंट दर तपासणीच्या सकाळी प्रसाद घेत होती, तिच्या समजुतीप्रमाणे ते खाणं नव्हतं, आणि आमच्यापैकी कोणीही तिला तसं नेमकं विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा वर करून वाचलं.

"हे शेवटचं वाक्य काढ. पेशंटने सूचना पाळली नाही, एवढं पुरे."

"सर, सूचना त्यांनी पाळली. आपल्याला काय म्हणायचंय ते आपण सांगितलंच नाही."

"खाली तुझं नाव आहे. कंपनीत सगळे वाचतील."

"वाचू द्या, सर."

त्यांनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. "आणि तो परशाद, तूही खाल्लास?"

"हो सर."

"कसा होता?"

"तूप भरपूर होतं."

ते हसले नाहीत, पण सही केली. शेवटचं वाक्य तसंच राहिलं.

दुसऱ्याच दिवशी कंपनीकडून प्रश्न आला. पेशंटने घेतलेल्या पदार्थाचे घटक आणि प्रमाण कळवा. मी उत्तर लिहिलं: गव्हाची कणीक, तूप आणि साखर, समप्रमाणात. प्रमाण: दोन्ही हातांच्या ओंजळीत देणाऱ्याला वाटेल तेवढं. मॉनिटरचा फोन आला, म्हणाला, ग्रॅममध्ये द्या. मी म्हटलं, तुम्ही भाईजींना वजनकाटा पाठवा, मी ग्रॅममध्ये देते.  मग तो म्हणाला, "बरं. पण फॉर्मवर नियम मोडण्याचं कारण निवडताना तुम्ही 'सेंटरची चूक' का निवडलं? 'पेशंटची चूक' हाही पर्याय होता."

"प्रश्न आम्ही विचारला होता. चुकीचा विचारला."

"आपके ऊपर आएगा, मॅडम."

"आने दीजिए." माझं हिंदी त्या दिवशी फार छान चाललं होतं.

कंपनीने एक संधी दिली. चार दिवसांत खरोखर उपाशीपोटी रक्त द्यायचं, त्यावर बीजींचं ठरणार. मला वाटलं, सुटलो. मी बीजींना फोन करून समजावलं की तेवढी एक सकाळ परशाद घेऊ नका.

"नहीं."

"बीजी, एकच दिवस."

"मत्था टेकायचा आणि देगेपुढून, परशादापुढून तोंड फिरवून यायचं? तुझी गोळी सोडीन, हे नाही करणार. नाव काट दे मेरा."

मी ज्यांच्यासाठी दोन दिवस सगळ्यांशी भांडत होते त्याच मला नाव कापायला सांगत होत्या. पण मी त्यांना दोष कसा देणार? त्यांनाही कोणी सांगेल तिथे मान खाली घालायची सवय नव्हती. मी आग्रह केला नाही. एवढंच म्हटलं, "तोंड फिरवा असं मी म्हणत नाही. घ्या, पण कधी खायचा ते तुम्ही ठरवा. तुम्ही गोळ्या घेत नाही असं लिहून तुमचं नाव काढायला मला सांगितलंय. मी लिहिणार नाही. तुम्ही आलात तरी नाही, नाही आलात तरी नाही."

पलीकडून फक्त म्हशीचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

चौथ्या दिवशी सकाळी बाकावर बीजी होत्या. मांडीवर स्टीलचा डबा, आणि चेहरा असा की मीच काहीतरी गुन्हा केलाय. "भाईजींना विचारलं. म्हणाले, आजाऱ्याच्या घरी देग डब्यातून जाते, चालतं. मला आजाऱ्यांत काढलंत तुम्ही लोकांनी. चल, घे तुझं रक्त."

रक्त घेतलं. तो रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला, मर्यादेच्या आत होता आणि बीजी स्टडीत राहिल्या. पण त्या सकाळी हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. दीदी माझ्याशी कामापुरतं बोलत होती आणि माझ्या कॉन्ट्रॅक्टचा कागद कुठे होता ते मला ठाऊक नव्हतं.

बीजी दंडावर कापूस दाबून बाहेर आल्या. बाहेर त्याच स्टडीचे आणखी पेशंट आपापल्या पाळीची वाट पाहत बसले होते. बीजींनी डबा उघडला, परशाद कपाळाला लावला, एक घास घेतला आणि मग त्यांचं लक्ष त्या रांगेकडे गेलं.

"सुनो सारे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "ही मुलगी विचारते खाली पेट, तेव्हा परशादसुद्धा मोजायचा असतो. मला आता कळलं. किसने किसने लिया है आज? सच बोलना."

 मग एका सरदारजींनी हात अर्धा वर केला. त्यांच्या शेजारच्या बाईंनी विचारलं, मंदिराचं चरणामृत धरायचं का? "आणि तुळशीचं पान? खडीसाखरेबरोबर?" कोपऱ्यातले निवृत्त फौजी उठून उभेच राहिले. "मैं तो सिर्फ़ चाय पीता हूँ. चाय में क्या है?"

दीदी दारात आली होती. तिने कपाळाला हात लावला. "थांबव त्यांना," ती हळूच मला म्हणाली. "सगळ्यांच्या फायली उघडाव्या लागतील."

"उघडू या," मी म्हटलं. सरदारजींच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि पेन काढलं. "अंकलजी, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं, सगळं सांगा. काय मोजायचं ते मी बघते."